रहिवासी पार्किंग परमिट आणि कौन्सिलची सल्लामसलत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून परमिट पार्किंगविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे इंग्लंडमधील कायद्याला धरून आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधील कार्यपद्धती वेगळी आहे. बहुतेकांना हे प्रश्न दारात कौन्सिलचे पत्रक पडल्यावर सुचतात आणि दुर्दैवाने त्यांतले बरेचसे आमच्यापर्यंत मुदत संपल्यावर पोहोचतात. ज्यांच्या हातात आत्ता नोटीस आहे त्यांनी आधी प्रश्न ४ आणि ७ वाचावेत. बाकीचे सवडीने वाचले तरी चालतील.

१. रहिवासी पार्किंग योजना म्हणजे नेमके काय?

कौन्सिल काही रस्त्यांचे मिळून एक क्षेत्र ठरवते आणि त्या क्षेत्रात ठरावीक वारी, ठरावीक वेळेत परमिट असलेल्या गाड्याच रस्त्यावर उभ्या करता येतात. बोलीभाषेत याला सीपीझेड (कंट्रोल्ड पार्किंग झोन, म्हणजे नियंत्रित पार्किंगचे क्षेत्र) म्हणतात. रेल्वे स्थानक, रुग्णालय, विद्यापीठ किंवा मोठे मैदान जवळ असले की बाहेरच्या गाड्या दिवसभर गल्लीत उभ्या राहतात आणि तेथे राहणाऱ्यांना जागा मिळत नाही, ही तक्रार बहुतेक योजनांच्या मुळाशी असते. वेंब्ली मैदानाभोवती तर सामन्याच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवसांसाठी वेगळे निर्बंध आहेत.

योजना असावी की नसावी यापेक्षा ती किती वेळ लागू असावी, हा प्रश्न अनेकदा अधिक महत्त्वाचा ठरतो. स्थानकावर गाडी लावून कामाला जाणाऱ्यांना थोपवायचे असेल, तर सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते अकरा असा एका तासाचा निर्बंधही पुरतो, कारण दिवसभर गाडी सोडून जाणाऱ्याला तो एक तासच अडचणीचा असतो. तरीही पत्रकात सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा अशी वेळ छापलेली असते आणि लोक ‘हो की नाही’ यावरच भांडत बसतात.

२. परमिट घेतले म्हणजे घरासमोरची जागा माझी झाली का?

नाही. परमिट म्हणजे त्या क्षेत्रात जागा शोधण्याची मुभा. जागेची हमी नव्हे. अनेक क्षेत्रांत रस्त्यावर आखलेल्या पार्किंगच्या चौकटींपेक्षा परमिटांची संख्या जास्त असते. रस्ता सार्वजनिक असल्यामुळे घरासमोरच्या जागेवर घरमालकाचा विशेष हक्क परमिटच्या आधीही नव्हता आणि नंतरही नसतो. गाडी आत घेण्यासाठी जेथे पदपथ उतरता केलेला असतो, तेथे परमिट असले तरी दुसऱ्याने गाडी लावता कामा नये.

३. कौन्सिलला हा अधिकार कोठून मिळतो?

रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्ट, १९८४ या कायद्यातून. त्याच्या कलम ४५ नुसार रस्त्यावर पार्किंगच्या जागा ठरवताना कौन्सिलने वाहतुकीचे आणि लगतच्या मालमत्तांचे मालक व तेथे राहणारे अशा सर्वांचे हित पाहावे लागते. त्यातही वाहतूक मोकळी राहणे, घरे-दुकानांपर्यंत वाजवी रीतीने पोहोचता येणे आणि परिसरात रस्त्याबाहेर किती पार्किंग उपलब्ध आहे, या तीन बाबींचा कायद्यात नावानिशी उल्लेख आहे. कलम १२२ मध्ये वाहतूक सुरळीत व सुरक्षित ठेवण्याचे आणि पुरेशा पार्किंगची सोय करण्याचे सर्वसाधारण कर्तव्य सांगितले आहे. हरकत लिहिताना हीच चौकट उपयोगी पडते (प्रश्न ७ पाहा). उत्पन्न वाढवणे हे मात्र या चौकटीत बसत नाही. त्याविषयी प्रश्न १२ मध्ये लिहिले आहे.

४. एकदा ऑनलाइन फॉर्म भरून मत दिले होते. मग पुन्हा नोटीस का आली?

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सल्लामसलत सहसा दोन टप्प्यांत होते आणि दोन्हींचे स्वरूप अगदी भिन्न आहे.

पहिला टप्पा अनौपचारिक असतो. कौन्सिल घरोघरी पत्रके टाकते, ऑनलाइन प्रश्नावली ठेवते, कधी ग्रंथालयात नकाशे मांडून अधिकारी बसवते. पार्किंगची अडचण आहे का, योजना हवी का, कोणत्या वेळेत हवी, असे प्रश्न विचारले जातात. पार्किंगचा कायदा हा टप्पा बंधनकारक करत नाही. पण एकदा तो घ्यायचा ठरवला की तो न्याय्य रीतीने घ्यावा लागतो (प्रश्न ८).

दुसरा टप्पा १९९६ च्या वाहतूक आदेशविषयक नियमांनुसार होतो. योजना ज्याने कायदेशीररीत्या लागू होते त्या आदेशाचा मसुदा कौन्सिल तयार करते, स्थानिक वृत्तपत्रात नोटीस देते, कागदपत्रे पाहण्यासाठी खुली ठेवते आणि हरकतींसाठी किमान २१ दिवसांची मुदत देते. दिव्याच्या खांबाला बांधलेला, बारीक अक्षरांतला प्लास्टिकमधला कागद तो हाच. या मुदतीत लेखी स्वरूपात आणि कारणांसह आलेल्या हरकती विचारात घेतल्याशिवाय कौन्सिलला आदेश काढता येत नाही.

पहिल्या टप्प्यात दिलेले मत दुसऱ्या टप्प्यात हरकत म्हणून आपोआप धरले जाईल, असे गृहीत धरू नये. कित्येक गल्ल्यांत पहिल्या वेळी लोक सभा घेतात, सह्या गोळा करतात, नगरसेवकाला घेरतात. आणि खांबावरची नोटीस लागते तेव्हा सगळे दमलेले असतात. कायद्याच्या दृष्टीने वजन मात्र त्या २१ दिवसांना आहे. आमच्या मते ताकद राखूनच ठेवायची असेल, तर ती या टप्प्यासाठी राखावी.

५. आमच्या रस्त्यावर बहुसंख्यांनी ‘नको’ म्हटले. तरी कौन्सिल योजना आणू शकते का?

आणू शकते. सल्लामसलत म्हणजे मतदान नव्हे आणि कायद्यात टक्केवारीची कोणतीही अट नाही. किती प्रतिसाद आले तर पुरेसे मानायचे, निकाल रस्त्यानुसार पाहायचा की संपूर्ण क्षेत्राचा, हे प्रत्येक कौन्सिल आपल्या धोरणात ठरवते. एखादा रस्ता ‘नको’ म्हणत असेल, पण त्याच्या चारही बाजूंचे रस्ते ‘हवी’ म्हणत असतील, तर त्यालाही सामावून घेण्याचा निर्णय होऊ शकतो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ‘ज्या रस्त्यावर बहुमत विरोधात असेल तेथे योजना लागू केली जाणार नाही’ असे कौन्सिलने पत्रकात किंवा धोरणात स्पष्ट लिहिले असेल, तर अशा आश्वासनाला कायद्यात वजन आहे आणि सबळ कारणाशिवाय त्यावरून मागे फिरता येत नाही. त्यामुळे पहिले पत्रक फेकून देऊ नये.

६. आम्ही भाड्याने राहतो, पासपोर्टही भारतीय आहे. आम्हाला हरकत घेता येते का?

येते. प्रश्न ४ मधील दुसऱ्या टप्प्यात हरकत कोणीही घेऊ शकतो: मालक, भाडेकरू, दुकानदार, जवळच्या शाळेतले शिक्षक, आठवड्यातून एकदा आजीला भेटायला येणारा नातू. नागरिकत्वाची अट नाही. पहिल्या टप्प्यातील प्रश्नावली मात्र काही कौन्सिली क्षेत्रातल्या पत्त्यांपुरती मर्यादित ठेवतात.

अनेकांना माहीत नसते की भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे येथे वैध व्हिसावर राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदवून कौन्सिलच्या निवडणुकीत मतदान करता येते. त्यामुळे नगरसेवकाला पत्र लिहिताना पाहुण्याच्या सुरात लिहिण्याचे काही कारण नाही.

७. हरकत कशी लिहावी, म्हणजे ती गांभीर्याने घेतली जाईल?

नोटिशीवरील संदर्भ क्रमांक, रस्त्याचे नाव आणि कारणे एवढे असलेच पाहिजे. ‘आम्हाला हे मान्य नाही’ किंवा ‘ही शुद्ध लूट आहे’ यांत कारण नाही, संताप आहे; अधिकारी त्याची नोंद घेतात आणि पुढे जातात. त्याऐवजी प्रश्न ३ मधील तीन बाबींशी जोडलेले मुद्दे लिहावेत: प्रस्तावित चौकटींमुळे आजच्यापेक्षा किती जागा कमी होतील, दुकानाचा माल उतरवायला जागा उरते का, वयोवृद्धांच्या मदतनीसांनी गाडी कोठे लावायची.

आकडे असतील तर उत्तम, आणि ते मिळवणे अवघड नाही. पार्किंगचा ताण मोजण्यासाठी नियोजनाच्या कामात ‘लॅम्बेथ पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी रीत वापरली जाते: आठवड्यातल्या कामाच्या दिवसांतील दोन रात्री, साडेबारा ते साडेपाचच्या दरम्यान, म्हणजे सगळे घरी असताना, साधारण २०० मीटरच्या परिसरात किती जागा आहेत आणि किती भरल्या आहेत हे मोजायचे. रात्री जागा रिकाम्या आणि सकाळी नऊला भरलेल्या दिसल्या, तर अडचण बाहेरून येणाऱ्यांची आहे. रात्रीच सगळे भरलेले असेल, तर अडचण रहिवाशांच्याच गाड्यांची आहे आणि परमिटने ती फारशी सुटणार नाही. कौन्सिलने स्वतः पाहणी केली असल्यास ती माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. उत्तराची मुदत कामाचे २० दिवस असते, त्यामुळे पहिल्या टप्प्यातच अर्ज केलेला बरा.

संपूर्ण विरोध करणे आवश्यक नाही. ‘योजनेला हरकत नाही, वेळेला आहे’ असेही लिहिता येते आणि अशा हरकतीवर बदल होण्याची शक्यता अधिक असते. सह्यांचा अर्ज अवश्य द्यावा, परंतु तो एकच हरकत मानला जाण्याची शक्यता असते. शंभर सह्यांबरोबर स्वतःच्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रे गेली, तर अहवालात त्या दहांना स्वतंत्र उत्तरे द्यावी लागतात. योजना हवी असेल तर तेही कळवावे. पाठिंबा देणारे बहुधा गप्प बसतात आणि मग फक्त विरोधच नोंदला जातो.

८. सल्लामसलत ‘न्याय्य’ होती की नुसता देखावा, हे कसे ठरवायचे?

यासाठी न्यायालये चार कसोट्या लावतात. १९८५ मध्ये लंडनच्या ब्रेंट कौन्सिलविरुद्ध शाळांविषयीच्या एका खटल्यात त्या वकील स्टीफन सेडली यांनी मांडल्या आणि न्यायालयाने स्वीकारल्या; त्या खटल्यातील अर्जदार गनिंग यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. २०१४ मध्ये हॅरिंगे कौन्सिलविरुद्धच्या मोझली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यांवर शिक्कामोर्तब केले.

पहिली कसोटी : प्रस्ताव अजून घडत असतानाच लोकांना विचारले पाहिजे. फलकांची ऑर्डर देऊन झाल्यावर विचारणे म्हणजे विचारणे नव्हे. दुसरी : लोकांना समजून-उमजून उत्तर देता येईल इतकी माहिती आणि कारणे दिली पाहिजेत. परमिटची किंमत, दुसऱ्या गाडीचा दर, पाहुण्यांचे नियम, कमी होणाऱ्या जागा हे पत्रकात नसेल, तर ‘योजना हवी का?’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. तिसरी : पुरेसा वेळ. ऐन ऑगस्टमध्ये किंवा नाताळात दोन आठवडे देणाऱ्या कौन्सिलला त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागू शकते. चौथी : आलेली मते निर्णय घेण्यापूर्वी मनापासून विचारात घेतली पाहिजेत.

पार्किंगचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्या प्रिमरोझ हिल भागाचे आहे. तेथील नियंत्रित पार्किंगसाठी कॅमडेन कौन्सिलने काढलेला आदेश क्रॅन खटल्यात उच्च न्यायालयाने रद्द केला, आणि सल्लामसलतीतील उणीव हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निकाल आजही उद्धृत केला जातो. चौथ्या कसोटीचे अलीकडचे उदाहरण पार्किंगचे नसले तरी जवळचे आहे: मे २०२५ मध्ये वेस्ट डलिच येथील रस्ते-निर्बंधांच्या योजनेबाबत लॅम्बेथ कौन्सिलविरुद्ध निकाल गेला, कारण रहिवाशांनी सादर केलेला ५३ पानी अहवाल विचारातच घेतला गेला नव्हता.

अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. कसोट्या प्रक्रियेच्या आहेत, निर्णयाच्या नाहीत. उपरोक्त मोझली खटल्यात कौन्सिलची सल्लामसलत बेकायदा ठरली, तरी ती पुन्हा घेण्याचा आदेश न्यायालयाने दिला नाही.

९. नगरसेवक आधीपासूनच ‘योजना आणणारच’ म्हणत होते. मग सगळी प्रक्रिया रद्द होत नाही का?

केवळ तेवढ्यावरून होत नाही. लोकलिझम ॲक्ट, २०११ च्या कलम २५ नुसार एखाद्या सदस्याने आधी आपले मत जाहीरपणे मांडले, म्हणून निर्णयाच्या वेळी त्याचे मन बंद होते असे धरता येत नाही. निवडणुकीत शब्द देऊन आलेल्या माणसाने मत बाळगूच नये, अशी अपेक्षा कायदा करत नाही. कंत्राट दिले गेले आहे, अंदाजपत्रकात परमिटचे उत्पन्न धरले आहे, असे कागदोपत्री पुरावे असतील, तर गोष्ट वेगळी. ती प्रश्न ८ मधील पहिल्या कसोटीत मोडते.

१०. योजना शेजारच्या रस्त्यावर आहे, पण गाड्या आमच्याकडे येणार. आम्हाला कोणी विचारलेच नाही.

ही भीती रास्त आहे. हटवलेल्या गाड्या नाहीशा होत नाहीत. दुसऱ्या टप्प्यात हरकत घेण्याचा अधिकार तुम्हालाही आहे (प्रश्न ६). हरकतीत दोन गोष्टी मागाव्यात: हद्दीपलीकडच्या रस्त्यांची आधी आणि नंतर पाहणी, आणि ठरावीक महिन्यांनी आढावा. पुष्कळदा पहिल्या वर्षी ‘आम्हाला नको’ म्हणणारा रस्ता दुसऱ्या वर्षी स्वतःहून अर्ज करतो. विरोधकांच्या मते कौन्सिली असे तुकडे मुद्दाम पाडतात. काही ठिकाणी तसे असेलही, पण पैसा आणि मनुष्यबळ मर्यादित असल्यामुळे टप्पे पाडणे हेही तितकेच खरे कारण असते.

११. आमच्याकडे आधी योजना सुरू झाली आणि मग मते मागितली. हे चालते का?

प्रायोगिक आदेश असेल तर चालते. असा आदेश जास्तीत जास्त १८ महिने टिकतो, तो लागू झाल्यावर हरकतींसाठी सहा महिने मिळतात आणि कायम करण्यापूर्वी त्या हरकतींचा विचार करावा लागतो. येथे एक फायदाही आहे: अंदाजाऐवजी अनुभव लिहिता येतो. छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत.

१२. परमिटचे दर एकदम वाढवले आणि हरकतीही मागवल्या नाहीत. हे पैशांसाठीच नाही का?

दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. अस्तित्वात असलेले दर बदलण्यासाठी नवा आदेश लागतोच असे नाही. २१ दिवस आधी नोटीस देऊन दर बदलता येतात आणि त्यावर हरकती मागवण्याचे बंधन नसते. त्यामुळे ‘विचारले नाही’ हा मुद्दा येथे सहसा टिकत नाही.

‘पैशांसाठी’ हा मुद्दा मात्र टिकू शकतो. बार्नेट कौन्सिलने २०११ मध्ये रहिवासी परमिट ४० पौंडांवरून १०० पौंडांवर आणि पाहुण्यांचे व्हाउचर एका पौंडावरून चार पौंडांवर नेले. रहिवासी न्यायालयात गेले. जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरवली, कारण इतर वाहतूक खर्चासाठी शिल्लक निर्माण करणे हा तिचा हेतू होता आणि १९८४ चा कायदा हा महसूल गोळा करण्याचा कायदा नाही. प्रश्न ८ मधील क्रॅन निकालातही हेच म्हटले होते. योजनेत शिल्लक राहणे मात्र बेकायदा नाही. ती कशावर खर्च करायची हे कलम ५५ ठरवते. वादाचा मुद्दा हेतू हा असतो, आणि बार्नेटमध्ये तो कौन्सिलच्याच कागदपत्रांतून दिसत होता.

१३. नवीन इमारतीत फ्लॅट घेतला आणि कौन्सिल परमिटच देत नाही. असे कसे?

अनेक शहरांत नव्या इमारतींना ‘मोटारविरहित’ या अटीवर बांधकाम परवानगी मिळते आणि तेथील रहिवासी परमिटसाठी अपात्र ठरतात. ही अट विकासक आणि कौन्सिल यांच्यात आधीच ठरलेली असते, त्यामुळे नंतर हरकत घेऊन उपयोग नसतो. करारावर सही करण्यापूर्वी एजंटच्या तोंडी आश्वासनावर न राहता पूर्ण पत्ता देऊन कौन्सिललाच लेखी विचारावे.

१४. आई-वडील भारतातून येतात, गणपतीला पाहुणे येतात. त्यांच्या गाड्यांचे काय?

बहुतेक योजनांत रहिवाशांना पाहुण्यांसाठी दिवसाची किंवा तासांची परमिटे विकत घेता येतात. वर्षाची मर्यादा आणि दर कौन्सिलगणिक बदलतात. आपल्याकडे येणे-जाणे जास्त, म्हणून सल्लामसलतीत हा मुद्दा जरूर मांडावा. मंदिर, मंडळाचे सभागृह किंवा शनिवार-रविवारची मराठी शाळा त्या क्षेत्रात असेल, तर संस्थेने स्वतंत्र हरकत नोंदवून शनिवार-रविवारच्या वेळेबद्दल बोलावे. भेटीला येणाऱ्यांची अडचण अधिकाऱ्यांना आपोआप दिसत नाही.

१५. आमच्या घरी पत्रक आलेच नाही. आले असते तरी सासूबाईंना इंग्रजी येत नाही. यावरून आदेश रद्द होतो का?

एका घरी पत्रक न पोहोचणे पुरेसे नाही. संपूर्ण गल्ली किंवा इमारत वगळली गेली असेल, तर ताबडतोब लेखी कळवून मुदतवाढ मागावी. भाषांतराची सरसकट सक्ती नाही. तथापि इक्वालिटी ॲक्ट, २०१० च्या कलम १४९ नुसार वय, अपंगत्व, वंश इत्यादींचा योग्य विचार करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे. मोठ्या अक्षरांतली प्रत, दुभाषा किंवा दूरध्वनीवरून उत्तर देण्याची सोय मागितल्यास ती अनेकदा मिळते.

१६. हरकत घेतली, तरी आदेश निघाला. आता काय करता येईल?

आदेश काढल्यापासून १४ दिवसांत कौन्सिलने हरकतदारांना लेखी कळवायचे असते, आणि हरकत पूर्णपणे मान्य केली नसेल तर कारणेही द्यायची असतात. ते पत्र नीट वाचावे. आदेश अधिकाराबाहेरचा आहे किंवा प्रक्रियेचा भंग झाला आहे असे वाटत असेल, तर उच्च न्यायालयात जाण्यासाठी केवळ सहा आठवडे मिळतात, आणि ते आदेशाच्या तारखेपासून मोजले जातात, पत्र हाती पडल्यापासून नव्हे. खर्चाचा धोका मोठा असल्याने पहिल्याच आठवड्यात वकिलाचा सल्ला घ्यावा.

स्वस्त मार्ग म्हणजे आधी कौन्सिलकडे तक्रार आणि नंतर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन, म्हणजे कौन्सिलच्या कारभाराविषयीच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. तेथे साधारणपणे बाब कळल्यापासून १२ महिन्यांत जावे लागते. ऑम्बुड्समन आदेश रद्द करू शकत नाही, पण कारभारातील चूक दाखवून दुरुस्ती सुचवू शकतो.

१७. दंडाच्या अपिलात ‘सल्लामसलत चुकीची होती’ असे सांगता येईल का?

नाही. पार्किंगच्या अपिलात आदेश अवैध असल्याचे कारण कायद्यात आहे, पण ज्या आदेशांना प्रश्न १६ मधील उच्च न्यायालयाचा मार्ग उपलब्ध आहे, ते त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. परमिट क्षेत्राचे आदेश त्यातच येतात. फलक नसणे, रेषा पुसलेल्या असणे किंवा फलकावरील वेळ आदेशाशी न जुळणे हे मुद्दे मात्र लंडनमध्ये लंडन ट्रायब्युनल्सकडे आणि इतरत्र ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे मांडता येतात, आणि त्यांवर अपिले जिंकलीही जातात.

१८. महाराष्ट्रात अशी तरतूद आहे का? पुण्यातल्या नातेवाइकांनी विचारले आहे.

नेमकी अशी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण स्थानिक स्वराज्य संस्थेशी विचारविनिमय करून ठरवते. त्या कलमात रहिवाशांना विचारण्याचा उल्लेख नाही. तरीही पुण्यात पी-१, पी-२ किंवा नो-पार्किंगचे बदल करताना वाहतूक पोलीस तात्पुरता आदेश काढून हरकती व सूचना मागवतात, आणि त्या मुदतीत लेखी उत्तर देणे केव्हाही हिताचे. विकास आराखड्यातील पार्किंगच्या आरक्षणांसाठी मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली हरकती आणि सुनावणीची रीतसर तरतूद आहे. तेथे हरकतीबरोबरच सुनावणीची मागणीही लेखी नोंदवावी.